बांगड्या भरताना उमटलेले डाग

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहिते आहे. वय 34, दोन मुलं. गेल्या दोन वर्षांत तिचं वजन 16 किलोनं वाढलं. चेहरा गोल आणि लाल झाला, मानेखाली पाठीवर उंचवटा आला, हातपाय मात्र पहिल्यापेक्षा बारीक. बीपीची गोळी सुरू झाली, पाठोपाठ साखरेची. पाळी चार-चार महिने येत नाही, हनुवटीवर केस आले, म्हणून पीसीओडीच्या गोळ्या चालू आहेत. घरी येणारं-जाणारं "सुखावलीस गं" म्हणतं आणि ती आत जाऊन रडते. श्रावणात कासाराकडे बांगड्या भरल्या तर दुसऱ्या दिवशी दोन्ही हात काळेनिळे. मी मोबाइलवर वाचून आमच्या डॉक्टरांना कुशिंगबद्दल (कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन शरीरात जास्त होण्याचा आजार) विचारलं. त्यांनी सकाळी 10 वाजता रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, 17 आलं. "नॉर्मल आहे, वजन उतरवा" म्हणाले. पुढे काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं बांगड्यांचं वाक्य मी तीनदा वाचलं. पत्रावरून मी निदान करत नाही आणि करणारही नाही. पण हे पत्र वाचून मी स्वस्थ बसू शकत नाही, म्हणून या महिन्याची बरीचशी जागा तुमच्या जावेला देते आहे.

वजन, बीपी, साखर, अनियमित पाळी, हनुवटीवरचे केस यांतली एक तरी तक्रार घेऊन माझ्याकडे रोज पाच-पंचवीस बायका येतात, आणि त्यांच्यात कुशिंगची क्वचितच कोणी असते. हा आजार खरोखर दुर्मिळ आहे. शरीरात आपोआप उद्भवणारा कुशिंग दहा लाख माणसांत वर्षाला दोघातिघांना होतो. म्हणूनच तो नजरेतून सुटतो. एकेका तक्रारीला एकेक गोळी मिळत जाते आणि सगळ्या तक्रारी कोणी एका ओळीत मांडून बघत नाही. रोग सुरू झाल्यापासून त्याचं नाव कळेपर्यंत सरासरी जवळपास तीन वर्षं जातात.

मला थांबवलं ते हातांवरच्या डागांनी आणि बारीक झालेल्या हातापायांनी. कॉर्टिसॉल गरजेपेक्षा जास्त झालं की ते शरीरातली प्रथिनं मोडायला लागतं. कातडीचा आधारच प्रथिनांचा, त्यामुळे ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते आणि कासारानं जरा दाबून बांगडी चढवली तरी आतली बारीक रक्तवाहिनी फुटते. दंड आणि मांड्या झिजतात. चरबी पोटावर, चेहऱ्यावर, मानेमागे साठते. नुसत्या जेवणानं वाढलेल्या वजनात दंड-मांड्याही भरतात, कातडी अशी विरत नाही.

आता घरीच एवढं बघा. तिला पाटावर बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. एसटीची पहिली पायरी चढताना ती दांडी धरून स्वतःला ओढून घेते का? वरच्या दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून येतात का? मग पोट बघा, दिवसाच्या उजेडात. बाळंतपणानंतरचे वळ पांढुरके आणि बारीक असतात. या आजारातले वळ जांभळे आणि रुंद असतात, एक सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे साधारण बोटाएवढे. सावळ्या कातडीवर तो जांभळा रंग काळसर दिसतो, म्हणून ट्यूबलाइटखाली फसगत होते.

आणि फोटो. ओपीडीत असा संशय आला की मी आधी आधार कार्ड मागते. मग लग्नाचा अल्बम, मग मागच्या-त्याच्या मागच्या दिवाळीचे मोबाइलमधले फोटो, आणि सगळे टेबलावर ओळीनं लावते. रोज समोर असणाऱ्याला बदल दिसत नाही. फोटोंच्या ओळीत नवऱ्यालाही दिसतो आणि तो गप्प होतो. अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी 1912 मध्ये 23 वर्षांच्या एका तरुणीच्या अशाच शरीराचं वर्णन लिहून ठेवलं. 1932 मध्ये त्यांनी अशा बऱ्याच रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या बारीकशा गाठीकडे बोट दाखवलं. तेव्हा कॉर्टिसॉल मोजायची सोयच नव्हती. डोळ्यांनी बघून, हातांनी चाचपून हा आजार ओळखला गेला. आज रिपोर्टची फाइल जाडजूड असते आणि बाईचा दंड कोणी उघडून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही, माझ्या हातून घडलेलं आहे. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एक खानावळ चालवणाऱ्या बाई यायच्या. साखर आटोक्यात येत नव्हती. मी चौदा महिने इन्सुलिन वाढवत गेले आणि प्रत्येक वेळी त्यांना खाण्यावरून बोलले. एकदा बीपी मोजून पट्टा सोडला, तर दंडावर पट्ट्याच्याच रुंदीचा लालजांभळा ठसा, बारीक ठिपक्यांचा. मी त्यांचा जुना केसपेपर काढला. दुसऱ्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या की पोळ्या लाटून झाल्या की पाटावरून उठायला मुलीचा हात लागतो. मी त्यापुढे "अशक्तपणा" एवढंच लिहिलं होतं. त्यांच्या डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावर बसलेली, कॉर्टिसॉल तयार करणारी ग्रंथी) गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, इन्सुलिन सुटलं, बीपीची एकच गोळी राहिली. पण मधल्या काळात ठिसूळ होऊन पाठीचा एक मणका दबला होता, तो काही परत उभा राहिला नाही. आजही त्या जराशा वाकून चालतात. तेव्हापासून पट्टा काढल्यावर मी दंड बघते.

आता त्या 17 बद्दल. गावात नळाला पहाटे पाणी येतं, जोरात येतं आणि रात्री बंद होतं. कॉर्टिसॉलचं तसंच आहे. सकाळी आठच्या सुमाराला भरपूर, दिवसभर उतरत मध्यरात्री अगदी थोडं. कुशिंगमध्ये बिघाड होतो तो रात्रीचा. तोटी बंदच होत नाही, रात्रभर धार चालू राहते. सकाळी जाऊन बादली बघितली तर ती निरोग्याच्या घरीही भरलेली आणि हिच्या घरीही भरलेली. म्हणून सकाळी एकदा रक्त काढून कुशिंग आहे हेही सांगता येत नाही आणि नाही हेही नाही. तुमच्या डॉक्टरांनी निदान संशय घेऊन तपासणी केली, त्याचं मला मोल आहे. पण तपासणी चुकीची निवडली गेली.

यासाठी तीन चाचण्या आहेत. पहिली सोपी, स्वस्त आणि कराडातही होईल. रात्री 11 ते 12 च्या दरम्यान डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅम गोळी घ्यायची (बाजारात अर्ध्या मिलिग्रॅमची मिळाली तर दोन) आणि सकाळी 8 ते 9 मध्ये कॉर्टिसॉलसाठी रक्त द्यायचं. ही गोळी म्हणजे मेंदूला दिलेला निरोप असतो की शरीरात पुरेसं आहे, आता थांबा. निरोगी शरीर ऐकतं आणि सकाळचं कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली जातं. कुशिंगमध्ये ते ऐकत नाही. चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि वेळ स्पष्ट लिहून घ्या. बीटामेथासोनही अर्ध्या मिलिग्रॅममध्ये येतं, दुकानात अदलाबदल होते.

इथे एक अडचण आहे. तिच्या पीसीओडीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल तर रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आजार नसतानाही आकडा मोठा येतो. डॉक्टरांना विचारून त्या सहा आठवडे बंद ठेवाव्या लागतील. या काळात दिवस राहू नयेत यासाठी दुसरी काळजी घ्यायला सांगा, कारण पाळी अनियमित असली तरी गर्भ राहू शकतो. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर तेही आधी सांगा. ही औषधं डेक्सामेथासोन लवकर संपवून टाकतात.

दुसरी चाचणी चोवीस तासांच्या लघवीची, आणि ती घरोघर चुकते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये धरायची नाही, पण तिची वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली, ही सगळी कॅनमध्ये. मधे एकदाही चुकली तर तो कॅन ओतून दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरू करा, अर्धवट कॅन लॅबला देऊ नका. उगाच पाच-पाच लिटर पाणी पिऊ नका. आणि हे दोनदा करायचं, कारण कॉर्टिसॉल दिवसागणिक कमीजास्त होतं. तिसरी चाचणी रात्री 11 ते 12 मधल्या लाळेची, तीही दोन रात्री. ती सगळ्या लॅबमध्ये होत नाही. त्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, दात घासायचे नाहीत. घशासाठी ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर ती थांबवायची, कारण ज्येष्ठमधानं लाळेतलं कॉर्टिसॉल खोटंच वाढलेलं दिसतं. रात्रपाळी करणाऱ्यांना ही चाचणी चालत नाही.

कोणत्याही दोन वेगळ्या चाचण्या बिघडलेल्या आल्या तर पुढे जायचं. आणि हे हात जोडून सांगते, त्याच्याआधी एमआरआय करू नका. दहातल्या साधारण एका निरोगी माणसाच्या पिट्युटरीत एमआरआयवर बारीकसा ठिपका दिसतो. ॲड्रिनलवरही निरुपद्रवी गाठी असतात. कॉर्टिसॉल जास्त आहे हे ठरायच्या आधी फोटो काढला की लोक ठिपक्याच्या मागे लागतात. काहींची गरज नसताना शस्त्रक्रियाही होते.

जास्त आहे हे ठरलं की मग ते कुठून येतं त्याचा शोध. त्यासाठी रक्तातलं एसीटीएच मोजतात. हा पिट्युटरीनं ॲड्रिनलला पाठवलेला हुकूम. नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो, म्हणून तो मोठ्या लॅबमध्येच जाऊन द्या. एसीटीएच अगदी कमी असेल तर दोष ॲड्रिनलमध्ये, मग पोटाचं सीटी स्कॅन. कमी नसेल तर बहुधा पिट्युटरीत. आपोआप होणाऱ्या कुशिंगच्या दहातल्या सात रुग्णांत दोष तिथेच असतो, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट. ती गाठ कित्येकदा ज्वारीच्या दाण्याएवढीच असते आणि एमआरआयमध्ये दिसतही नाही. तेव्हा जांघेतून नळी घालून पिट्युटरीजवळच्या शिरांतलं रक्त घेतात आणि तिथलं एसीटीएच हाताच्या रक्ताशी ताडून बघतात. हे नाजूक काम आहे, जिथे नेहमी होतं तिथेच करून घ्यावं. मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात हार्मोनच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे दाखवता येईल.

उपचार आहेत. पिट्युटरीची गाठ नाकावाटे काढतात, ॲड्रिनलची दुर्बिणीनं. त्यानंतर कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोनची गोळी घ्यावी लागते आणि त्या महिन्यांत अंग मोडून आल्यासारखं, उदास वाटतं. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल की शस्त्रक्रिया फसली. आणि रडण्याबद्दल. कॉर्टिसॉल मनावरही काम करतं. झोप जाते, चिडचिड होते, नैराश्य येतं. ती मनानं कमकुवत नाही. "सुखावलीस" म्हणणाऱ्यांना घरातल्या कोणीतरी मोठ्यानं थांबवायला हवं. तुम्ही थोरल्या जाऊबाई आहात, तुम्हीच थांबवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 63. गुडघेदुखीसाठी एका जत्रेत भेटलेल्या माणसाकडून पुड्या घेत होतो. दीड वर्ष फार आराम होता. आता तोंड सुजल्यासारखं गोल झालं, पोट सुटलं, हातावर जरा लागलं की कातडी सोलवटते. डॉक्टरांनी सकाळी 8 वाजता कॉर्टिसॉल तपासलं तर 0.9 आलं. लॅबवाले म्हणतात, तुमचं कॉर्टिसॉल कमी आहे. लक्षणं जास्तीची आणि रिपोर्ट कमीचा, हे कसं? मी पुड्या बंद करणार आहे.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : सर, आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर. पुड्या एकदम बंद करू नका. हा अंक हातात पडला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पुडी सोबत न्या.

रिपोर्ट खोटा नाही आणि तुमची लक्षणंही खोटी नाहीत. पुडीत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं आहे. ते कॉर्टिसॉलचंच काम करतं, कॉर्टिसॉलपेक्षा कितीतरी जोरानं करतं, पण डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असेल तर कॉर्टिसॉलच्या चाचणीत ते मोजलंच जात नाही. बाहेरून भरपूर मिळतंय म्हणून तुमच्या ॲड्रिनल ग्रंथींनी काम थांबवलं आहे. चेहऱ्यावर कॉर्टिसॉल ओसंडून वाहतंय आणि रक्तात नावालाही नाही, हेच बाहेरच्या स्टेरॉइडचं लक्षण. कुशिंगचं सर्वांत नेहमी दिसणारं कारण गाठ नव्हे, हे आहे.

पुडी एकदम थांबवली तर झोपलेल्या ग्रंथी तत्काळ जाग्या होत नाहीत. उलट्या, पोटदुखी, बीपी एकदम उतरणं, शुद्ध हरपणं, असं होऊन माणूस जिवाला मुकू शकतो. डॉक्टर पुडीच्या जागी मापातली गोळी सुरू करतील आणि ती हळूहळू उतरवतील, मधूनमधून सकाळचं कॉर्टिसॉल बघत. ते 10 च्या वर गेलं की ग्रंथी सावरल्या म्हणायच्या. 5 च्या खाली असेपर्यंत गोळी सुटत नाही. याला काही महिने लागतात, कधी वर्षही. तोवर ताप आला, पडझड झाली, दात काढायचा असला तर डोस वाढवावा लागतो. किती, ते आजच लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. खिशात चिठ्ठी ठेवा : "मी स्टेरॉइडवर आहे." घरच्यांनाही दाखवून ठेवा.

गुडघे पुन्हा दुखतील. त्यासाठी वेगळे उपचार घ्या, पण परत त्या माणसाकडे जाऊ नका, गुण लवकर येतो म्हणून तर मुळीच नाही. चाळीस वर्षं वैद्यकी करणारे प्रामाणिक वैद्य मी जवळून बघितले आहेत, त्यांचा या भेसळीशी काही संबंध नाही. नाव नसलेली, घटक न लिहिलेली पुडी हा प्रश्न आहे. इतर वाचकांनीही आपल्या घरात बघावं. गजकर्णाला दुकानातून न विचारता आणलेलं मलम (त्यात क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड आहे का वाचा), वजन वाढवायच्या गोळ्या, सांध्यात वारंवार घेतलेली इंजेक्शनं. माझ्याकडे येताना घरातल्या औषधांची पिशवी जशी आहे तशी घेऊन या, निवडून नको. जे "औषध नाही" म्हणून लोक घरी ठेवून येतात, नेमकं तेच मला हवं असतं.

प्रश्न : वय 27, पुण्यात आयटीत आहे. रोज रील्समध्ये "कॉर्टिसॉल फेस" बघतो. सकाळी माझा चेहरा फुगलेला असतो, ताण खूप आहे, झोप पाच तास. जिम सुरू केल्यापासून खांद्यावर फिकट गुलाबी वळ आलेत. सगळ्या चाचण्या करून घेऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही जिममध्ये वजनं उचलता आहात. कुशिंगच्या रुग्णाला खुर्चीतून उठणं जड जातं. अपुरी झोप आणि ताण यांनी कॉर्टिसॉल थोडं वर-खाली होतं, पण त्यातून हा आजार होत नाही. झोपून उठल्यावर चेहरा जरा फुगलेला दिसणं सर्वसाधारण आहे. स्नायू भराभर वाढले की खांद्यावर बारीक गुलाबी वळ येतात आणि पुढे पांढरे पडतात. सरसकट चाचण्या केल्या तर खोटे वाढीव आकडे निघतात आणि त्यांचा पाठलाग करण्यात वर्ष जातं. एकच विचारते : जिममधून कोणी गोळ्या, इंजेक्शनं दिली आहेत का? दिली असतील तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना खरं सांगा. नसतील तर झोप पाचाची सात तास करा.

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. वर्षभरात फार जाड झाला. सगळे म्हणतात, वयात येताना होतं, उंची वाढली की रोडावेल. आम्ही दर पाडव्याला दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची खूण करतो. आधी दरवर्षी तीन बोटांच्या आसपास वर जायची, यंदा जेमतेम एक बोट. काळजीचं आहे का?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : हो, दाखवायला हवं. जास्त खाऊन जाड झालेली मुलं बहुधा बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच असतात. वजन वर आणि उंची जागच्या जागी, हे मुलांमधलं कुशिंगचं फार महत्त्वाचं लक्षण आहे. थायरॉइड मंदावला किंवा वाढीचं हार्मोन कमी पडलं तरीही असंच होतं, आणि या सगळ्यांवर उपचार आहेत. त्याला दम्याचा पंप, नाकात मारायचा फवारा, कातडीला लावायचं मलम यांतलं काही चालू असेल तर नावं लिहून न्या, पण दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. चौकटीवरच्या सगळ्या खुणा फूटपट्टीनं मोजा, प्रत्येकीपुढे पाडव्याचं वर्ष लिहा आणि फोटो काढून मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. शाळेत दरवर्षी उंची-वजन नोंदवलं असेल तर तो कागदही मागून घ्या. पुढच्या पाडव्यापर्यंत थांबू नका.